सादळलेल्या टिकल्या

पत्र्याचे पिस्तूल आणि त्यात घालायचा तांबड्या कागदाचा रोल! आमच्या पिढीची दिवाळी यावाचून सुरू होत नसे. चाप ओढला की घोडा टिकलीवर आपटायचा, रोल एक घर पुढे सरकायचा आणि धुराचा तो उग्र वास नाकात भरायचा. मात्र पहाटेच्या दवाने रोल सादळला, की दहांत एखादीच टिकली वाजे. मग रोल उन्हात वाळत घालणे आले.

गंमत अशी, की नेमकी हीच तक्रार एकेकाळी अमेरिकेच्या सैन्याची होती.

चकमकीच्या बंदुकीत घोडा पडताच आधी कानाजवळची दारू भडके, आणि मग आतली. तो भडका पाहून पक्षी उडून जातात, म्हणून अलेक्झांडर फोर्सिथ हे शिकारीचे शौकीन स्कॉटिश धर्मगुरू बेचैन होते. ठिणगीऐवजी नुसत्या आघाताने पेटणारी द्रव्ये वापरून त्यांनी नवा खटका बनवला आणि १८०७ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे याच युक्तीतून तांब्याची इवलीशी टोपी आली. पण दर बारीला ती हाताने बसवावी लागे. थंडीत गारठलेल्या बोटांनी ते काम सोपे नव्हते.

यावर तोड काढली ती एका दंतवैद्याने! वॉशिंग्टनच्या एडवर्ड मेनार्ड यांनी १८४५ साली कागदाच्या दोन पट्ट्यांमध्ये स्फोटक द्रव्याचे ठिपके ओळीने बसवून त्याची गुंडाळी केली. घोडा मागे ओढला की एक ठिपका आपोआप पुढे येई. १८५५ च्या स्प्रिंगफील्ड बंदुकीत अमेरिकी सैन्याने ही सोय घेतली. कागदाला रोगण लावलेले असूनही तो ओल धरी. १८६१ च्या बंदुकीतून गुंडाळी गेली आणि टोपी परत आली. रणांगणावर नापास झालेली ही कल्पना पुढे खेळण्यांत मात्र टिकून राहिली.

खेळण्यातल्या टिकलीत पोटॅशियम क्लोरेट आणि तांबडा फॉस्फरस असतो. हीच जोडी काडेपेटीतही असते. पण तिथे क्लोरेट काडीच्या गुलात आणि फॉस्फरस पेटीच्या कडेला, असे दोघांना मुद्दाम दूर ठेवलेले असते. टिकलीत ती एकत्र नांदतात. एका टिकलीतले द्रव्य चिमटीपेक्षाही कितीतरी कमी, म्हणूनच ते खेळणे ठरते.

नववीत असताना आम्हा चौघांना हे ठाऊक नव्हते. मोठा आवाज काढायचा म्हणून आम्ही डझनभर रोलांची दारू ब्लेडने खरवडत बसलो होतो. आघात लागलाच नाही, घर्षण पुरले. आमच्या एका मित्राच्या तर्जनीचे टोक त्या दिवशी गेले.

त्याच वर्षी आम्हाला फॉस्फरसची अपरूपे होती. पांढरा आणि तांबडा फॉस्फरस यांतील फरकाचे कोष्टक आम्हा चौघांनाही तोंडपाठ होते. टिकलीचे नाव मात्र वर्गात कधी निघाले नाही.