मोकळा बाजार कुणी बांधला? खामगावच्या कापसाची दीडशे वर्षं

जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा जेमतेम तेरा किलोमीटरचा. १८७० साली तो सुरू झाला, तेव्हा उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. एवढ्याशा फाट्यासाठी देशाचा सर्वोच्च इंग्रज अधिकारी वऱ्हाडात कशाला येईल? कारण एकच: कापूस.

सरकारने बाजारात किती हात घालावा, यावर आज मोबाइलवर रोज भांडणं होतात. एक बाजू म्हणते, सरकार बाजूला झालं की सगळं सुरळीत होईल. दुसरी म्हणते, सरकार हटलं की व्यापारी शेतकऱ्याला खाऊन टाकेल. मी बुलडाणा जिल्ह्यातला, घरी पिढ्यान्‌पिढ्या पऱ्हाटी. आमच्याकडे हा वाद पुस्तकातून आला नाही, बंडीत बसून बाजारातून घरी आला. त्याचा इतिहास पाहिला तर दोन्ही बाजूंची पंचाईत होते.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या. वऱ्हाडचा कारभार इंग्रजांनी १८५३ मध्येच निजामाकडून घेतला होता. खामगाव ही कापसाची मोठी पेठ. मँचेस्टर म्हणजे खुल्या व्यापाराची पंढरी. सरकारने व्यापारात लुडबुड करू नये, हा तिथला धर्म. पण कापूस हवा म्हटल्यावर त्याच मंडळींनी सरकारकडे रेल्वे मागितली, रस्ते मागितले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी खास कापूस आयुक्त नेमला गेला. खामगावचा फाटाही सरकारी रेल्वे म्हणूनच बांधला गेला. पुढे १८९६ मध्ये भारतीय गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन कर बसला, का तर आयात करामुळे मँचेस्टरच्या कापडाला इथल्या कापडापुढे तोटा होऊ नये. म्हणजे ‘मोकळा’ बाजार सरकारनेच बांधला, फक्त तो कुणासाठी मोकळा ठेवायचा हे लंडनमध्ये ठरलं.

बाजार समित्यांचीही तीच गोष्ट. आज ज्यांना आपण ‘मार्केट यार्ड’ म्हणतो, त्यांची देशातली सुरुवात वऱ्हाडातच झाली: १८८६ मध्ये कारंजा, मग १८९७ चा कापूस आणि धान्य बाजार कायदा. वजनमापं ठरली, दलालांना परवाने आले. काम चांगलंच होतं. पण समित्यांमध्ये वजन व्यापाऱ्यांचं होतं. ज्याचा माल, तो बाहेर उभा.

याच काळात, १८८३ मध्ये, जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते. त्यांनी सरकारी नोकरशाही शेतकऱ्याला कशी नागवते ते दाखवलं आणि त्याच सरकारकडे तलाव, बंधारे, शिक्षणही मागितलं. सरकार लुटतं म्हणून सरकार नको, असं ते म्हणाले नाहीत. ते शेतकऱ्यासाठी राबावं, असं म्हणाले.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने दुसरं टोक गाठलं. १९७१ चा कायदा आणि १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना. अशी योजना देशात फक्त आपल्याकडे. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, खासगी व्यापाऱ्याला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. प्रत ग्रेडर ठरवणार, चुकारा हप्त्यांनी मिळणार.

आमच्या घरात यावरून दोन पक्ष होते. आजोबा योजनेचे. ते म्हणत, “व्यापारी गोड बोलून काटा मारे. सरकारवर निदान मोर्चा तरी नेता येते.” काकांच्या छातीवर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला. त्यांचा सवाल: “माल माहा, घाम माहा, अन् इकाचं कुठं हे सरकार सांगणार?”

काकांचा सवाल शरद जोशींनी शिकवलेला. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आलेल्या या माणसाने चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती केली, १९७९ मध्ये संघटना उभारली आणि ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा गावोगाव नेली. शेतकरी हा दयेचा विषय नाही, तो उद्योजक आहे. त्याला बाजाराचं आणि तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य द्या, हे त्यांचं म्हणणं. बाहेर भाव चढा असला की ते पटायचंच. जळगाव जामोद, संग्रामपूरपासून मध्य प्रदेशची हद्द जवळ. स्वतःच्या शेतातला कापूस तिकडे विकायला निघालेला शेतकरी कायद्याने गुन्हेगार ठरत होता.

मग वारं फिरलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी जागतिक भाव कोसळले. आता सरकारी भाव वर होता, म्हणून शेजारच्या राज्यांतला कापूस उलटा इकडे येऊ लागला. योजनेचा तोटा हजारो कोटींवर गेला, चुकारे रखडले. २००२ च्या हंगामापासून खासगी खरेदीला मुभा मिळाली आणि एकाधिकार संपला.

स्वातंत्र्य आलं, पण सर्वांत वाईट वेळी. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना प्रचंड अनुदान देत होती. ब्राझीलने त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि जिंकला. आमचा कोरडवाहू शेतकरी मात्र त्या भावाशी एकटाच झुंजत होता. २००६ मध्ये पंतप्रधानांनी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्या सहांत बुलडाणा होता.

मग आजोबा बरोबर की काका? गेल्या काही हंगामांकडे बघा. २०२१-२२ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ६,०२५ रुपये होता आणि बाजारात भाव दहा हजारांच्या वर गेला. शेतकऱ्याने व्यापाऱ्याला विकला; एकाधिकार असता तर ही संधी गेली असती. २०२५-२६ मध्ये हमीभाव ८,११० झाला, बाजार त्याखाली राहिला, आणि लोक सीसीआयच्या केंद्रांकडे वळले. केंद्र नसतं तर पडेल त्या भावात माल द्यावा लागला असता. विकायचं कुठे हे शेतकऱ्याने ठरवावं, हे काकांचं खरं. पण ते ठरवायला दुसरं दार उघडं लागतं आणि ते सरकारलाच उघडं ठेवावं लागतं, हे आजोबांचं खरं.

त्याच २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं आणि सवलत वर्षअखेरपर्यंत वाढवली. कापडउद्योगाला स्वस्त रुई हवी होती. वेचणीचा हंगाम तोंडावर होता. या निर्णयाला कुणी ‘मुक्त व्यापार’ म्हणेल. मला खामगावचा फाटा आठवतो. म्हणून पुढच्या वेळी कुणी बाजार मोकळा करा किंवा बांधा म्हणालं, तर वाद घालण्याआधी एवढंच विचारा: कुणासाठी? आणि कोणत्या महिन्यात?