शाळेचा निरोप घरी कसा पोचायचा?



परवा ताईकडे जेवायला गेले होते. जेवताना तिचा फोन सारखा वाजत होता. भाचा तिसरीत आहे, खाजगी शाळेत. शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर तासाभरात अकरा निरोप आले. शनिवारी पांढरे बूट घालायचे, सहलीचे पैसे सोमवारपर्यंत भरायचे, गणिताचा पेपर एक दिवस पुढे गेला, वगैरे. ताई वैतागली होती. मला मात्र वेगळाच प्रश्न पडला. हे सगळं नव्हतं तेव्हा शाळेत काय चाललंय हे घरच्यांना कसं कळायचं?

प्रश्न साधा वाटतो, पण एकोणिसाव्या शतकातल्या पुण्याच्या खाजगी शाळांवर काम करताना तो मला पुन्हा पुन्हा आडवा आलाय. तुमच्यापैकी बरेच जण आता विषय शोधताय, म्हणून आज हा प्रश्न तुमच्यासोबत सोडवून बघते. यात एक चूकही सांगणार आहे, माझीच.

सुरुवात 1848 पासून करू. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, ती सरकारी नव्हती. 1851 च्या जुलैमध्ये बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात आणखी एक शाळा सुरू झाली, मग इतर पेठांत. या शाळांनी घरोघरी काय कळवायचं आणि कसं? छापील पत्रक वाचणार कोण? बरं, गावात विरोध एवढा, की शाळेबद्दलच्या अफवा शाळेच्या आधी घरी पोचत होत्या.

यावर त्या काळचा उपाय होता जाहीर परीक्षा. मुलींना लोकांसमोर बसवून प्रश्न विचारायचे, वाचून घ्यायचं, हिशेब करायला लावायचे. 1852 आणि 1853 मध्ये पुण्यात अशा परीक्षा झाल्या आणि बघायला मोठी गर्दी लोटली. आपण याला 'समारंभ' म्हणून मोकळे होतो. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, त्यामुळे मला ते प्रात्यक्षिकच दिसतं. दावा केलाय ना, मग सगळ्यांसमोर करून दाखवा. ज्या बापाला वाचता येत नाही, त्यालाही आपली मुलगी वाचतेय हे कानांनी ऐकता येतं. त्याला अहवालाची गरजच नाही.

याच शाळांमधली मुक्ता साळवे. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये दोन अंकांत छापून आला. शाळेत काय शिकवलं जातंय याचा याहून चांगला पुरावा कुठला हवा? आणि तो शाळाचालकांनी लिहिलेला नाही, विद्यार्थिनीने लिहिलेला आहे. तुमच्या संशोधनात असा एक कागद मिळाला, तर दहा अहवाल बाजूला ठेवून आधी तो वाचा.

आता तीस वर्षं पुढे येऊ. 1880 च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. आगरकर पुढच्या वर्षी आले. जानेवारी 1881 मध्ये याच मंडळींनी 'मराठा' आणि 'केसरी' काढले. आर्यभूषण छापखानाही त्यांचाच. शाळा, वर्तमानपत्र आणि छापखाना, तिन्हींमध्ये तीच माणसं. म्हणजे 'केसरी' वाचणाऱ्या घराला आपल्या मुलाचे मास्तर कोण आहेत आणि कसा विचार करतात, हे दर आठवड्याला कळत होतं.

त्यामुळे एक अडचणही होते. 1882 मध्ये कोल्हापूर संस्थानाच्या कारभाऱ्यांविरुद्ध लिहिलेल्या मजकुरावरून टिळक आणि आगरकरांना शिक्षा झाली. दोघे 101 दिवस मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात होते. म्हणजे शाळा सुरू होऊन तिसरं वर्ष, आणि दोन मास्तर गजाआड. त्याच वर्षी मार्चमध्ये चिपळूणकर वारले होते. तुमचा मुलगा त्या शाळेत असता, तर तुम्ही काय केलं असतं? त्याचं नाव काढलं असतं की अभिमानाने ठेवलं असतं? शाळा बंद पडली नाही, हे आपल्याला माहीत आहे. त्याच साली शिक्षण आयोगाचे अध्यक्ष विल्यम हंटर शाळा पाहून गेले आणि त्यांनी तिची तोंडभरून स्तुती केली. पण पालकांच्या मनात काय चाललं होतं? ते वर्तमानपत्रात शोधायला गेलात, तर सावध राहा. ज्या पत्रात तुम्ही शोधताय, ते शाळा चालवणाऱ्यांचंच पत्र आहे.

याच्या उलट उदाहरण हुजूरपागेचं. 1884 मध्ये रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक यांच्या पुढाकाराने पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं. या शाळेच्या बातम्या पुष्कळ छापून आल्या, पण त्यातल्या बऱ्याच विरोधकांच्या लेखणीतून. 1887 च्या सुमारास 'मराठा' आणि 'केसरी'तून शाळेच्या अभ्यासक्रमावर टीका झाली. मुलींना इंग्रजी किती शिकवावं, घरकामाचं शिक्षण कुठे आहे, अगदी शाळेची वेळ घरच्या कामाच्या आड येते इथपर्यंत. दुसरीकडे आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले आणि 1888 मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. त्यांचं म्हणणं मुलींच्या शिक्षणाच्या बाजूचं.

आता गंमत बघा. या वादामुळेच आज आपल्याला त्या शाळेचं वेळापत्रक आणि विषय याबद्दल इतकं बोलता येतं. सगळं सुरळीत असतं, तर वेळेबद्दल कोण लिहीत बसलं असतं? पण या साऱ्या वादात आईचा आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. बोलतात ते संपादक, वकील आणि प्राध्यापक. मुलगी पाच वाजेपर्यंत शाळेत राहिली की घरचं पाणी कोण भरणार, हा प्रश्न जिच्या अंगावर पडणार होता, तिला कोणी विचारल्याचं दिसत नाही.

आता माझी चूक. संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी एका जुन्या शाळेचे वार्षिक अहवाल घेऊन बसले. हातात आकडे आले की आपल्याला बरं वाटतं, सवयच तशी. विद्यार्थीसंख्येचा तक्ता केला, आलेख काढला. 1890 च्या दशकात एके ठिकाणी रेषा धाडकन खाली. मी खूश! प्लेगची साथ, लोक गाव सोडून गेले, शाळा ओस पडली. तीन आठवडे त्यावर प्रकरणाचा मसुदा लिहिला. मार्गदर्शक बाईंनी तो वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "दोन्ही तक्त्यांची शीर्षकं वाचलीस का?"

नव्हती वाचली. आधीच्या वर्षांत 'पटावरील संख्या' होती आणि पुढच्या वर्षांत 'सरासरी हजेरी'. पटावर नाव असलेला प्रत्येक मुलगा रोज थोडाच येतो! म्हणजे रेषा खाली आणली होती मी, प्लेगने नव्हे. प्रयोगशाळेत एकक न बघता आकडा लिहिला असता, तर तिथल्या सरांनी वही फेकून दिली असती. इथे तीच चूक तीन आठवडे माझ्या लक्षात आली नाही, कारण गोष्ट छान जुळत होती.

मग खरा प्रश्न सुरू झाला. शाळेने मोजण्याची पद्धत का बदलली असेल? त्याचं उत्तर शोधताना अहवाल कोणासाठी लिहिले जात होते, हे लक्षात आलं. 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर खाजगी शाळांना सरकारी अनुदानाची व्यवस्था आली. मुंबई इलाख्यात पुढे परीक्षेच्या निकालाशी अनुदान बांधलं गेलं. तपासनीस यायचा, मुलांची परीक्षा घ्यायचा, हजेरी बघायचा आणि त्यावर पैसे ठरायचे. म्हणजे हजेरीच्या आकड्याचे तीन वाचक होते: सरकारी तपासनीस, देणगीदार आणि सगळ्यात शेवटी पालक. प्रत्येकाला तोच आकडा वेगळं काही सांगतो. तपासनिसाला तो बिल वाटतो, देणगीदाराला भरवसा वाटतो आणि बापाला वाटतं, चला, आपला मुलगा एकटा नाही.

आणि वाचता न येणारं घर? 1901 च्या जनगणनेत भारतात साक्षर स्त्रियांचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं. म्हणजे शाळेने कितीही सुंदर पत्र पाठवलं, तरी आईसाठी ते वाचणार कोण? बऱ्याच घरांत, ज्याच्याबद्दल पत्र आहे तोच! हा मुद्दा मला पुस्तकात सापडला नाही, स्वतःच्या लहानपणात सापडला. मी आजीकडे शिकायला होते. तिला अक्षरओळख नव्हती. चौथीच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी शेरा दिला होता, "गणितात लक्ष देणे गरजेचे." मी आजीला मोठ्याने वाचून दाखवलं, "गणितात लक्ष आहे." आजीने खूश होऊन अंगठा उठवला आणि मला दोन रुपये दिले. शाळेच्या दप्तरात निरोप पोचल्याची नोंद आहे, पालकाचा अंगठाही आहे. निरोप मात्र पोचलेला नाही.

म्हणून सगळीकडे कागदच शोधू नका. 1919 मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. ज्या घरांतून मुलं यायची, तिथे पिढ्यान्‌पिढ्या कोणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं. भाऊराव गावोगाव स्वतः फिरले, माणसांशी बोलले. घराकडूनही शाळेला उत्तर यायचं, पण ते धान्यातून. दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला ठेवायचं, तो मुष्टिफंड. मी तर त्या मुठीला पालकांची सहीच म्हणेन. अर्थात, अशी सही दप्तरात क्वचितच सापडते.

तर शाळेचा, खरं तर कुठल्याही संस्थेचा जुना कागद हातात आला, की एवढं करा. आधी तक्त्याचं शीर्षक आणि एकक वाचा. (हसू नका, माझे तीन आठवडे गेलेत.) मग तो कोणाला दाखवायला लिहिलाय आणि त्यावर कोणाचे पैसे अवलंबून आहेत, हे शोधा. आणि शेवटी विचारा, ज्याच्या घरी तो पोचायचा होता, तिथे तो मोठ्याने वाचला कोणी?

या आठवड्यात एक काम करून बघा. घरातल्या जुन्या ट्रंकेत आई-वडिलांची, जमलं तर आजी-आजोबांची प्रगतिपुस्तकं शोधा. शेऱ्यांपेक्षा 'पालकाची सही' ही ओळ नीट बघा. कोणाची सही आहे, वडिलांची की काकांची? आईची पहिली सही कुठल्या वर्षी दिसते? कुठे अंगठा आहे का? आणि तो पेन धरणारा माणूस अजून असेल, तर त्याच्याशेजारी बसून विचारा.

माझी आजी गेल्या वर्षी गेली. तिला खरा शेरा सांगायचा राहून गेला. ती बहुतेक हसली असती आणि दोन रुपये परत मागितले असते.

भेटू पुढच्या लेखात.