१ ऑगस्ट १९२० : एक तारीख, तीन घटना

मंडळी, आपल्या शाळांमधून सकाळच्या परिपाठात दिनविशेष वाचला जातो. एक मूल पुढे येते, अमुक साली अमुक थोर पुरुषाचा जन्म, तमुक साली तमुक लढाई, असे घडाघडा म्हणते आणि परत रांगेत जाऊन उभे राहते. तारीख पाठ होते, पण त्या दिवशी काय बदलले ते काही कळत नाही. म्हणून आज आपण एकच तारीख घेऊ आणि ती जरा उलगडून पाहू. तारीख १ ऑगस्ट, साल १९२०, वार रविवार.

१ ऑगस्ट हा दिवस शेतकऱ्याला तसाही ओळखीचा आहे. महसुली वर्ष त्याच दिवशी सुरू होते. कळमेश्वरच्या शिवारात तेव्हा पऱ्हाटीला डवरणी आणि निंदण यांची घाई असते. १९२० साली आपले कळमेश्वर मध्य प्रांतात होते. इथून शेकडो मैलांवर, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातले, वाटेगाव नावाचे खेडे आहे. ते होते मुंबई इलाख्यात. दोन्ही गावांची बोली मराठी, पण कारभार दोन ठिकाणचा. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

आता पहिली घटना. मुंबईला क्रॉफर्ड मार्केटजवळ सरदारगृह नावाची इमारत आहे. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तिथेच उतरत. ३१ जुलैची मध्यरात्र उलटली आणि १ ऑगस्ट लागून तास होतो न होतो, तोच तिथे लोकमान्यांनी देह ठेवला. वय ६४ वर्षांचे. ज्यांनी १८८१ साली ‘केसरी’ काढण्यात पुढाकार घेतला, १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे मंडालेच्या तुरुंगात काढली आणि तिथे ‘गीतारहस्य’ लिहिले, ते टिळक गेले. बातमी पसरली आणि भर पावसात मुंबई रस्त्यावर लोटली. अंत्यसंस्कार नेहमीच्या स्मशानात न होता गिरगावच्या चौपाटीवर झाले. तिरडीला खांदा देणाऱ्यांत महात्मा गांधी होते, मौलाना शौकत अलीही होते.

नागपूरला हा घाव विशेष लागला. का, ते सांगतो. १९०७ चे काँग्रेसचे अधिवेशन मुळात नागपूरला भरायचे होते. परंतु इथे टिळकपक्षाचा जोर फार, म्हणून ते सुरतेला हलवण्यात आले आणि तिथे काँग्रेस दुभंगली. तेरा वर्षांनी, १९२० च्या डिसेंबरात, अधिवेशन पुन्हा नागपूरला ठरले होते. अध्यक्षपदी टिळक बसावेत अशी इथल्या मंडळींची इच्छा होती. ती राहून गेली. मग डॉ. मुंजे यांनी पाँडिचेरीला अरविंद घोषांना गळ घातली, पण त्यांनीही नकार कळवला.

दुसरी घटना त्याच दिवसाची, त्याच शहरातली. असहकार सुरू करण्यासाठी १ ऑगस्ट हा दिवस आधीच मुक्रर झाला होता. उपवास करावा, प्रार्थना करावी, हरताळ पाळावा, असा कार्यक्रम होता. जालियनवाला बागेला सव्वा वर्ष होऊन गेले होते, पंजाबला न्याय मिळाला नव्हता, आणि खिलाफतीच्या प्रश्नावर मुसलमान समाज दुखावलेला होता. गांधीजींनी त्या तारखेचे पत्र व्हाइसरॉयला लिहिले आणि सरकारने दिलेली तीन पदके परत केली. एक कैसर-इ-हिंद, दुसरे बोअर युद्धात आणि तिसरे झुलू युद्धात जखमींची शुश्रूषा केल्याबद्दल मिळालेले. पदक म्हणजे सरकारची शाबासकी. ज्या सरकारकडून न्याय मिळत नाही त्याची शाबासकीही नको, असा त्याचा सरळ अर्थ. एक पुढारी गेला आणि त्याच दिवशी दुसऱ्याने लढ्याची नवी वाट धरली. पुढे १९२१ साली लढ्यासाठी एक कोट रुपयांचा निधी जमवायचे ठरले, त्याला नाव दिले ‘टिळक स्वराज्य फंड’.

या दोन घटना पाठ्यपुस्तकात आहेत. तिसरी घटना त्या दिवशीच्या कुठल्या वर्तमानपत्रात नव्हती आणि असणारही नव्हती. वाटेगावच्या मांगवाड्यात भाऊराव साठे आणि वालूबाई यांच्या पोटी एक मुलगा जन्मला. नाव ठेवले तुकाराम. हेच पुढे अण्णा भाऊ साठे झाले. ज्या जातीत ते जन्मले तिच्या माथ्यावर तेव्हाच्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारलेला होता. माणूस जन्मला की गुन्हेगार ठरला, असा तो न्याय! शाळेत ते दीड दिवस गेले, असे सांगतात. पुढे घरची मंडळी पायी चालत मुंबईला आली. अण्णांनी मिळेल ते काम केले, गिरणीतही राबले. अक्षरे शिकले ती जगण्याच्या धडपडीत. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. ‘फकिरा’ ही त्यांची कादंबरी १९५९ ची. तिला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, एका दिवशी तीन गोष्टी घडल्या, हा योगायोग झाला. त्यात इतिहास कुठे आला? प्रश्न रास्त आहे. एका तारखेवर घटना नुसत्या शेजारी शेजारी बसतात, त्यांचे नाते आपल्याला शोधावे लागते. या तिघींचे नाते शोधायला फार लांब जायला नको, नागपूरला चला.

१९२० च्या डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरले. स्वागताध्यक्ष होते वर्ध्याचे जमनालाल बजाज. या अधिवेशनाने असहकारावर पक्के शिक्कामोर्तब केले आणि काँग्रेसची घटनाही बदलली. चार आणे भरील तो सभासद, असा नियम झाला. वकील-बॅरिस्टरांच्या सभेचे दार खेड्यातल्या माणसाला उघडले. दुसरे असे, की काँग्रेसचे प्रांत भाषेप्रमाणे पाडले गेले. सरकारचा मध्य प्रांत होता तसाच राहिला, पण काँग्रेसच्या कामासाठी त्यातला मराठी भाग निराळा धरला गेला. एका भाषेच्या लोकांचा कारभार त्यांच्या भाषेत चालावा, हे तत्त्व तिथे मान्य झाले. पुढे स्वातंत्र्य आले, तरी हे तत्त्व मराठी मुलखापुरते पुरे व्हायला बरीच वर्षे गेली. त्यासाठी संयुक्त महाराष्ट्राचा लढा झाला, आणि त्या लढ्यात डफ-तुणतुण्यासह गावोगाव, चाळीचाळीत उभे राहिलेले शाहीर होते अण्णा भाऊ. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १९२० साली दोन कारभारांत असलेली कळमेश्वर आणि वाटेगाव ही दोन्ही गावे त्यात आहेत.

आणखी एक धागा आहे, तो जरा टोचणारा. आधी स्वराज्य, मग सामाजिक सुधारणा, असा टिळकांचा क्रम होता. त्यांच्या काळाच्या दृष्टीने त्याला कारणे होती. परंतु मांगवाड्यात जन्मलेले मूल विचारणारच, की या स्वराज्यात माझी जागा कुठे? अण्णा भाऊंचे सारे लेखन म्हणजे हाच प्रश्न. म्हणून या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करू नका, आणि दोघांचे म्हणणे एकच होते असेही मुलांना सांगू नका. एकाने स्वराज्याची मागणी देशभर नेली, दुसऱ्याने त्या स्वराज्याकडे हिशेब मागितला. दोन्ही गोष्टी लागतात. १८ जुलै १९६९ ला अण्णा भाऊ वारले तेव्हा वयाची ४९ वर्षेही पुरी झाली नव्हती, आणि दारिद्र्याने त्यांची पाठ सोडली नव्हती. २००२ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले.

गुरुजनांना एक विनंती. तुमच्या शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टर काढा. त्यात १ जून ही जन्मतारीख किती मुलांपुढे लिहिली आहे ते मोजा. इतकी मुले एकाच दिवशी कशी जन्मतील? घरी तारीख कोणी लिहून ठेवली नव्हती, आईला एवढेच आठवे की पोळ्याच्या आदल्या दिवशीचा जन्म, किंवा मोठ्या पुराच्या सालचा. मग शाळेत नाव घालताना १ जून लिहून मोकळे झाले. एखाद्या घराला जुनी नोंद लागली, तर कोतवाल बुकाची नक्कल काढायला धावपळ करावी लागते, हे तुम्ही पाहिलेच असेल. ज्यांची तारीखच नीट लिहिली गेली नाही, त्यांचा दिनविशेष कोण वाचणार?

म्हणून येत्या १ ऑगस्टला दोन्ही तसबिरींना हार घाला, दोघांचीही माहिती मुलांना सांगा. आणि मग मुलांना घरी पाठवा ते एक काम देऊन. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारायचे, तुमचा जन्म कधीचा, त्या साली गावात काय घडले होते, गावची विहीर कोणी खणली, शाळा कधी सुरू झाली. उत्तरे वहीत उतरवून घ्या आणि सांगणाऱ्याचे नाव व त्या दिवसाची तारीख खाली घाला. अशी वही गावात एक झाली, तरी पुढच्या वर्षीच्या परिपाठात वाचायला आपल्या गावचे चार दिनविशेष तुमच्या हाती असतील.