समुद्रापलीकडचा हुला

अमेरिकेंतील ऑरेगन राज्यांत फॉरेस्ट ग्रोव्ह या लहानशा गांवीं पॅसिफिक विद्यापीठ आहे. तेथील हवाईच्या विद्यार्थ्यांचें मंडळ १९६० च्या सुमारास 'लूआऊ' हा मेजवानीचा उत्सव करूं लागलें. उत्सवाचीं फुलें बेटांवरून येतात, मुलें-मुली हुला नाचतात, आणि गांवकरी टाळ्या वाजवून घरीं जातात. नाच सुरेख झाला, एवढेंच बहुतेकांस कळतें. आम्हांस मात्र त्या रंगमंचामागें एक जुनी पायरी दिसते.

१८०९ सालीं न्यू हेवन येथें येल कॉलेजच्या पायरीवर ओपुकाहाइया नांवाचा हवाईचा तरुण रडत बसला होता. लढाईंत आईबाप डोळ्यांदेखत मारले गेले. पुढें हा जहाजावर चढून इतक्या दूर आला. आपणांस कोणी विद्या देत नाहीं, हें त्याचें दुःख. विद्या मिळाली, धर्महि बदलला. पण मायदेशीं परतण्यापूर्वींच १८१८ मध्यें तो ज्वरानें वारला. त्याचें चरित्र वाचून न्यू इंग्लंड हळहळलें, आणि १८२० मध्यें पहिले मिशनरी हवाईस पोंचले. ज्या अमेरिकन बोर्डाचीं माणसें १८१३ मध्यें मुंबईस आलीं व ज्याच्या येथील शाखेनें १८४२ मध्यें 'ज्ञानोदय' काढला, त्याच बोर्डाचे हे लोक. तेव्हां गोष्ट आपणांस अगदींच परकी नाहीं.

त्यांनीं हवाईच्या बोलीस लिपि दिली, हें ऋण मोठें. पण हुला त्यांस पाप वाटला. ख्रिस्ती झालेल्या काआहुमानू राणीनें १८३० मध्यें जाहीर हुला बंद केला. राजा कालाकाऊआनें १८८३ मध्यें आपल्या राज्याभिषेकांत तो पुन्हां नाचविला, तर त्याची पत्रिका छापल्याबद्दल अश्लीलतेचा खटला झाला! १८९३ मध्यें राज्यच गेलें, आणि १८९६ च्या कायद्यानें शाळांतून हवाई भाषाहि गेली. घरची भाषा शाळेंत बोलल्याबद्दल शिक्षा भोगलेल्या आईबापांनीं ती मुलांस शिकविली नाहीं, यांत नवल काय?

म्हणून ऑरेगनमधील या मुलांची तालीम आम्हांस नुसती करमणूक वाटत नाहीं. उसाच्या मळ्यांवर आलेल्या जपानी, फिलिपिनो मजुरांचे वंशजहि त्यांत असतात. तेवढ्यावरून नाच खरा कीं खोटा हा वाद घालणें आम्हांस क्षुद्रपणाचें वाटतें. ओपुकाहाइयाच्या नांवानें गेलेल्या विद्येनें जें पुसलें, तें हीं मुलें परीक्षा सांभाळून पाठ करितात.

ओपुकाहाइयाच्या अस्थि १९९३ मध्यें कनेक्टिकटहून हवाईस नेऊन कोना किनाऱ्यावर पुन्हां पुरण्यांत आल्या.