नापसंतीची मोजदाद

धुळें शहरांतून पांझरा नदी वाहते, आणि तिच्या उत्तर तीरावर देवपूर वसलेलें आहे. ९ डिसेंबर २०१८ रोजीं देवपुरांतील मतदार महापालिकेच्या निवडणुकीसाठीं मतदानकेंद्रांत गेले, तेव्हां यंत्रावरील शेवटच्या कळीस पूर्वीं नसलेलें वजन आलें होतें. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ ही ती कळ. बोलण्यांत तिला ‘नोटा’ म्हणतात. या कळीस सर्व उमेदवारांहून अधिक मतें पडल्यास त्या जागेची निवडणूक पुन्हां घ्यावी, असा आदेश राज्य निवडणूक आयोगानें आदल्याच महिन्यांत नगरसंस्थांसाठीं काढला होता. आणि त्यानंतर लगेच ज्या दोन महापालिकांचें मतदान झालें, त्या धुळें आणि अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, या होत.

नापसंती मोजावी, तिचा आकडा चारचौघांत सांगावा आणि त्या आकड्याचा कांहीं परिणामही व्हावा, या तीन गोष्टी एकत्र येण्यास आपल्या समाजास पुष्कळ काळ लागला. त्या एकत्र आल्यास तीन वर्षेंही झालीं नाहींत तोंच, १० नोव्हेंबर २०२१ रोजीं, यूट्यूब या चित्रफितींच्या अफाट कोठारानें नेमका उलट निर्णय जाहीर केला. नापसंतीचा खालीं वळलेला अंगठा राहील, तो दाबतांही येईल, परंतु तो किती जणांनीं दाबला हें चित्रफीत करणाऱ्यावांचून कोणास दिसणार नाहीं. हा निर्णय योग्य कीं अयोग्य, याचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. परकीय कंपनीच्या घरचा हा प्रश्न आहे असें समजून आपण तो सोडून देऊं नये. त्याची पूर्वपीठिका आपल्या इतिहासांतही आहे.

नापसंती व्यक्त करण्याच्या रीतींकडे पाहतांना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. नापसंत करणाराचें नांव दिसतें काय? आणि नापसंत करणारे किती, हें दिसतें काय? जुन्या काळीं यांपैकीं पहिल्याचें उत्तर बहुधा ‘होय’ असे आणि दुसऱ्याचें ‘नाहीं’.

पुण्यांतील पंचहौद मिशनच्या चहाचें प्रकरण वाचकांस ठाऊक असेलच. १८९० सालीं तेथील मिशनऱ्यांकडे शहरांतील प्रतिष्ठित मंडळी गेली, आणि चहापान झालें. गोपाळराव जोशी यांनीं, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनीं, जमलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापून टाकलीं. त्या यादींत रानडेही होते व टिळकही होते. पुढें ग्रामण्य उभें राहिलें, शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, आणि अखेर न्यायमूर्ति रानडे यांच्यासारख्या पुरुषासही प्रायश्चित्त घ्यावें लागलें. आतां प्रश्न असा कीं, पुण्यांतील किती लोकांस तो चहा खरोखर आक्षेपार्ह वाटला होता? शंभरांस? दहा हजारांस? हें कोणींही मोजलें नाहीं. कदाचित् मोजलें असतें तर ग्रामण्याचा फुगा तेथेंच फुटला असता. ज्यांचा आवाज मोठा त्यांची संख्याही मोठी, असें मानण्यावांचून त्या काळच्या सुधारकांस गत्यंतर नव्हतें, आणि बहिष्काराचें सारें सामर्थ्य या न मोजण्यांतच होतें.

सतरा वर्षांनीं, २७ डिसेंबर १९०७ रोजीं, सुरतेच्या काँग्रेसमध्यें व्यासपीठाकडे एक जोडा आला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांस लागून फिरोजशहा मेथा यांस लागला, आणि सभा मोडली. जोडा दक्षिणी घाटाचा होता, एवढें त्याचें वर्णन प्रत्यक्षदर्शी लोकांनीं करून ठेविलें आहे. परंतु तो जोडा किती प्रतिनिधींच्या मताचा होता? एकाच्या कीं अर्ध्या मंडपाच्या? राष्ट्रसभा दुभंगली, आणि तरीही तो हिशेब झाला नाहीं.

आमच्या नाटकगृहांचेंही तेंच. अमक्या पदास किती ‘वन्समोअर’ मिळाले हें जुने रसिक वर्षानुवर्षें सांगत. तिसऱ्या अंकांत किती जण उठून गेले याची वही कोणीं ठेविली नाहीं. पसंती मोजण्याची हौस आपणांस फार दिवसांची आहे. नापसंतीच्या बाबतींत मात्र आपण गोंगाटावर भागवीत आलों.

निवडणुकीच्या कायद्यानें ही स्थिति हळूहळू पालटली. १९६१ च्या नियमांत ४९-ओ या क्रमांकाचें एक कलम होतें. मत द्यावयाचें नाहीं असें ठरविणाऱ्या मतदारानें केंद्राधिकाऱ्यास तसें सांगावयाचें, त्यानें नोंदवहींत शेरा लिहावयाचा व मतदारानें सही करावयाची. म्हणजे नापसंतीची नोंद होई, पण गुप्तता जाई. खेड्यांत असें करण्याचें धैर्य कितीजण दाखवितील? २७ सप्टेंबर २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें नेमकें याच दोषावर बोट ठेविलें आणि यंत्रावर नकाराची कळ बसविण्यास सांगितलें. नांव झांकलेलें व आकडा उघडा, अशी रीत येथें प्रथमच आली. तिचें बळ २०१९ सालीं लातूर ग्रामीण मतदारसंघांत दिसून आलें. विधानसभेच्या त्या निवडणुकींत ‘वरीलपैकी कोणीही नाही’ यास सत्तावीस हजारांहून अधिक मतें पडलीं, आणि विजयी उमेदवाराच्या पाठोपाठ दुसरा क्रमांक कोणा मनुष्याचा न येतां त्या कळीचा आला. ही संख्या जर आयोगानें आपल्या कपाटांत ठेवून केवळ उमेदवारांस खाजगी रीतीनें कळविली असती, तर त्या मतदारांचें बोलणें कोणाच्या कानीं पडलें असतें?

यूट्यूबनें २०२१ सालीं केलें तें बहुतांशीं असेंच आहे. तथापि त्या कंपनीची बाजू न ऐकतां निकाल देणें बरें नव्हे.

२००५ सालीं हें कोठार उघडलें तेव्हां तेथें अंगठे नव्हते. पांचपर्यंत तारे देण्याची सोय होती. कांहीं वर्षांनीं असें आढळलें कीं, लोक बहुतेक पांच तारे देतात, क्वचित् एक देतात, आणि मधल्या श्रेणी बहुधा ओस पडतात. मनुष्यास चवीचें तारतम्य सांगण्याचा कंटाळा आहे, असाच याचा अर्थ. म्हणून २०१० मध्यें तारे जाऊन वर आणि खालीं असे दोन अंगठे आले. पुढें या खालच्या अंगठ्याचा एक निराळाच उपयोग सुरू झाला. डिसेंबर २०१८ मध्यें, म्हणजे देवपुरांत तें मतदान झालें त्याच महिन्यांत, कंपनीनें स्वतः काढलेल्या वार्षिक आढाव्याच्या चित्रफितीवर आठवड्याभरांत सुमारें एक कोटी नापसंत्या पडल्या, आणि जगांतील सर्वांत नापसंत चित्रफीत होण्याचा मान तिला मिळाला. ऑगस्ट २०२० मध्यें मुंबईच्या ‘सडक २’ या चित्रपटाची जाहिरात-फीत आली. सुशांतसिंह राजपूत या नटाच्या मृत्यूनें चित्रपटसृष्टींतील घराणेशाहीवर लोक संतापले होते. त्या जाहिरातीवरही कोटीच्या वर अंगठे खालीं वळले. चित्रपट तोंवर कोणींही पाहिलेला नव्हता. त्याच महिन्याच्या अखेरीस पंतप्रधानांच्या ‘मन की बात’वर नापसंतीचा पाऊस पडला, तेव्हां त्यांच्या पक्षानें सांगितलें कीं, यांतील फारच थोड्या नापसंत्या भारतांतून आल्या आहेत. तें खरें होतें कीं खोटें, हें सामान्य प्रेक्षकास तपासतां येण्याजोगें नव्हतें. कारण येथें मतदारयादीच नसते. देवपुरांतील मतदाराच्या बोटास शाई लागते; यूट्यूबवरील मतदार दहा खातीं उघडून दहा वेळां येऊं शकतो, आणि येतांना चित्रफीत पाहिलीच पाहिजे असेंही त्याजवर बंधन नाहीं.

कंपनीनें मार्च २०२१ पासून प्रयोग केला आणि असें सांगितलें कीं, आकडा दिसेनासा झाल्यावर ठरवून केले जाणारे हल्ले कमी होतात, आणि या हल्ल्यांचा मारा लहान व नवख्या लोकांवर तुलनेनें अधिक होतो. हें विधान आम्हांस खोटें वाटत नाहीं. खानदेशांत आज अहिराणी गाण्यांचा व विनोदी नाटुकल्यांचा मोठा प्रेक्षकवर्ग यूट्यूबवर आहे. ज्या बोलीस शाळेंत ‘अशुद्ध’ म्हणून हिणविलें जाई, तिनें आपला रंगमंच मोबाईलवर मांडला. अशा एखाद्या गांवच्या मुलीनें पहिलें गाणें चढवावें, आणि प्रतिस्पर्ध्यांनीं किंवा नुसत्या टवाळांनीं त्याखालीं दोनशें अंगठे उलटे टांगावे, ही कल्पना सुखाची नाहीं. बहिणाबाई चौधरी जळगांवाजवळच्या आसोद्याच्या. त्यांच्या हयातींत त्यांच्या कवितांचें पुस्तक निघालें नाहीं. १९५१ च्या डिसेंबरांत त्या गेल्या आणि १९५२ सालीं महाराष्ट्रानें त्यांस ओळखलें. पहिल्या आठवड्याचें मत हें किती कच्चें असतें, याची जाणीव ठेवण्यास खानदेशांतील वाचकांस दूर जावयास नको.

परंतु गाणें एक आणि औषध एक. खानदेश हा कपाशीचा मुलूख. गुलाबी बोंडअळी आली, कोणतें औषध किती पाण्यांत घालावें, तोंडास काय बांधावें, हें आज शेतकरी मोबाईलवर पाहतो. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन सुमारें वीस शेतकरी व मजूर दगावले. या कामांत चुकीच्या सल्ल्यास क्षमा नसते, हें त्या वर्षीं साऱ्या महाराष्ट्रास कळलें. अशा चित्रफितीखालीं पसंती दोन हजार आणि नापसंती पांच हजार दिसल्यास शेतकरी निदान थबकतो. आज त्यास दोन हजारच दिसतात. सल्ला देणाऱ्यास मात्र आपले पांच हजार ठाऊक असतात, आणि ते सांगण्याचें बंधन त्याजवर नाहीं. नवख्या गायिकेचें अंतःकरण जपण्यासाठीं घेतलेला पडदा अशा रीतीनें भोंदूच्याही कामीं येतो. यूट्यूबच्या संस्थापकांपैकीं एक, जावेद करीम, यांनीं २३ एप्रिल २००५ रोजीं तेथील सर्वांत पहिली चित्रफीत चढविली होती. नोव्हेंबर २०२१ मध्यें त्याच चित्रफितीखालचा मजकूर बदलून त्यांनीं या निर्णयाचा निषेध नोंदविला. त्यांचा मुद्दा साधा होता: सर्वच माल चांगला नसतो, आणि वाईट कोणता हें गर्दी लवकर ओळखते.

आमच्या मतें दोष आकडा उघडा असण्यांत नव्हता. तो चालता असण्यांत होता. मतदान सुरू असतां कोणास किती मतें पडलीं हें आयोग दर तासास फळ्यावर लिहीत नाहीं. तसें लिहिलें तर दुपारनंतरचें मतदान ही कुस्ती होईल. यूट्यूबनें मात्र दर क्षणास वाढणारा आकडा लोकांपुढें ठेविला, आणि विक्रम मोडण्याची चढाओढ लागली म्हणून अखेर फळाच झांकून टाकला. चित्रफीत पाहणाऱ्यांचेंच मत धरावें, आणि कांहीं काळानें, समजा महिन्यानें, आकडा जाहीर करावा, असा मधला मार्ग होता. या मार्गांतही एक उणीव आहे, ती लपवीत नाहीं. बोंडअळी महिनाभर थांबत नाहीं. फसव्या औषधाची सूचना पहिल्याच आठवड्यांत मिळावयास हवी. तेव्हां गाण्यास एक नियम आणि सल्ल्यास दुसरा, असा भेद करावा लागेल, व तो करणें कंपनीस गैरसोयीचें आहे. गैरसोयीचें आहे म्हणून अशक्य मात्र नाहीं.

इतिहासाच्या अभ्यासकास आणखी एक हानि जाणवते. २०२१ च्या अखेरीस तो आकडा बाहेरच्या संगणकांसही मिळेनासा झाला. तत्पूर्वीं कांहीं स्वयंसेवकांनीं घाईघाईनें जेवढ्या चित्रफितींचे आकडे उतरवून घेतां आले तेवढे घेतले. त्यांच्या आणि हौशी सहकाऱ्यांनीं कळविलेल्या मतांच्या आधारें आतां नापसंतीचा अंदाज दाखविणारें एक जोडयंत्र लोक वापरतात. अंदाज तो अंदाजच. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं घरोघरच्या पेट्यांतून व माळ्यांवरून वाळवी लागलेलीं दप्तरें गोळा केलीं, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यासच देह ठेविला. त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ येथें आहे. त्यांस ज्या दप्तरदारांशीं झगडावें लागलें, त्यांच्यापाशीं निदान कागद होते आणि विनवणी केल्यास पेटी उघडण्याचा संभव होता. २०२२ नंतरच्या मराठी चित्रफितींविषयीं, अहिराणी गाण्यांविषयीं, निवडणुकींतील भाषणांविषयीं लोकांस काय नावडलें, याची नोंद रोज होत आहे, आणि ती पेटी दूर परदेशीं बंद आहे.