'लक्ष देत नाही' : एका शेऱ्याचा इतिहास

प्रगतिपुस्तकाच्या तळाशी शेऱ्यासाठी एक ओळ असते. 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही', 'एका जागी बसत नाही', 'वस्तू हरवतो' असे शेरे आपण दरवर्षी लिहितो; वणीच्या शाळेतही आणि मुंबईच्या शाळेतही. बहुतेक मुलांच्या बाबतीत हा शेरा एखाद्या वर्षापुरता असतो. काही थोड्या मुलांच्या मागे मात्र तो पहिलीपासून दहावीपर्यंत लागलेला असतो. शिक्षक बदलतात, शेरा बदलत नाही. यांपैकी काही मुलांना अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार, म्हणजेच एडीएचडी असतो. जगभरातील पाहण्या एकत्र केल्या तर शंभरात सुमारे ५ मुले अशी आढळतात. म्हणजे ४० मुलांच्या वर्गात सरासरीने दोन.

अशी मुले पूर्वीही होती. त्यांना दिली जाणारी नावे मात्र गेल्या सव्वादोनशे वर्षांत अनेकदा बदलली आणि नावाबरोबर त्यांना मिळणारी वागणूकही बदलली.

दोष कोणाचा?

अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश डॉक्टरांनी १७९८ साली मानसिक विकारांवरील आपल्या ग्रंथात अवधानावर एक प्रकरण लिहिले. काही माणसांना कोणत्याही एका गोष्टीवर लक्ष टिकवता येत नाही, आजूबाजूचा किरकोळ आवाजही त्यांना विचलित करतो आणि अशा मुलांचे शिक्षण अवघड होते, हे त्यांनी नोंदवले. पुढे १८४५ साली फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमान यांनी मुलांसाठी काढलेल्या चित्रमय पुस्तकात जेवणाच्या टेबलावर चुळबुळ करणारा फिलिप अवतरला. खुर्चीवर झोके घेता घेता तो टेबलावरचे सगळे जेवण खाली ओढतो. वाचकाने हसावे आणि मुलाने धडा घ्यावा, ही अपेक्षा.

१९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी तीन व्याख्याने दिली. बुद्धी चांगली असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांचे त्यांनी बारकाईने वर्णन केले. ही केवळ वाईट संगोपनाची फळे नव्हेत, असे त्यांचे म्हणणे होते. पण त्यांनी वापरलेला शब्द होता नैतिक संयमाची उणीव. वैद्यकाच्या भाषेतही मुलगा अजून 'वाईट'च होता.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मेंदूज्वराची एक विचित्र साथ जगभर पसरली. तिच्यातून वाचलेली अनेक मुले पुढे अतिशय चंचल व अनावर झाली. त्यामुळे अशा वागण्याचे मूळ मेंदूत असू शकते, हे डॉक्टरांना पटले. पण त्याचबरोबर चंचल मुलाच्या मेंदूला कोठेतरी इजा झालेलीच असणार, असा उलटा निष्कर्षही काढला गेला. बहुतेक मुलांमध्ये अशी इजा सापडेना, तेव्हा १९६०च्या दशकात 'इजा' हा शब्द मागे पडून 'किरकोळ बिघाड' हा शब्द आला.

शिक्षकांनी पाहिलेला बदल

दरम्यान १९३७ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंड येथील मुलांच्या रुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली यांना एक अनपेक्षित गोष्ट दिसली. मेंदूच्या एका तपासणीनंतर मुलांचे डोके दुखे, म्हणून त्यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखीवर त्याचा विशेष उपयोग झाला नाही, पण मुलांचा अभ्यास सुधारला. ज्या ३० मुलांची त्यांनी नोंद केली, त्यांतील जवळजवळ निम्म्यांच्या शाळेच्या कामात ठळक फरक पडला. उत्तेजक औषधाने चंचल मूल स्थिर कसे व्हावे? आजचे स्पष्टीकरण असे : मेंदूतील जी केंद्रे आवर घालण्याचे, क्रम लावण्याचे आणि वाट पाहण्याचे काम करतात, त्यांच्यातील संदेशवहन या औषधांमुळे सुधारते. ढिला लगाम घट्ट होतो, म्हणून घोडा शांत दिसतो. आज वापरात असलेली बरीच औषधे याच जातीची आहेत; ती तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असतात.

१९७२ साली कॅनडातील मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया डग्लस यांनी दाखवून दिले की खरी अडचण हालचालींपेक्षा लक्ष टिकवण्यात आणि उतावळेपणा आवरण्यात आहे. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात अवधान-न्यूनता हा शब्द आला आणि १९८७ साली आजचे नाव. या बदलाने एक मोठे काम केले. खिडकीशी गप्प बसून हरवून जाणारे मूलही आता नजरेस आले. अशा शांत मुलांमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, हा विकार आजही सहज निसटतो. कारण त्या वर्गाला त्रास देत नाहीत.

महाराष्ट्रात आणि वणीत

आपल्या राज्यात १९९६ साली अध्ययन-अक्षम मुलांना परीक्षेत सवलती देण्यास सुरुवात झाली आणि 'ढ' या शब्दाला पहिला अधिकृत धक्का बसला. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली. २०१६ सालच्या कायद्याने २१ अपंगत्वांची यादी केली. तिच्यात अध्ययन-अक्षमता आली, एडीएचडीचे स्वतंत्र नाव मात्र आले नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीच्या यादीत मात्र ते आहे. म्हणजे शाळेत तपासणीला येणाऱ्या पथकाला आपण अशा मुलाबद्दल सांगू शकतो. वणीहून यवतमाळचे वैद्यकीय महाविद्यालय सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. कोळसा खाणीत पाळीवर जाणाऱ्या किंवा कापूस वेचणीला जाणाऱ्या पालकाने एवढा प्रवास करायचा, तर आपण सोबत दिलेली नोंद नेमकी हवी : काय घडते, किती वेळा, कोणत्या तासाला.

नोंद करताना घाईही नको. लक्षणे बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली असावीत, किमान सहा महिने टिकलेली असावीत आणि घरी व शाळेत दोन्हीकडे दिसावीत, असा आजचा नियम आहे. आपल्या भागात तर आणखी एक प्रश्न आधी विचारावा लागतो. मुलाची घरची भाषा कोलामी, गोंडी किंवा तेलुगू आहे का? ज्याला भाषाच कळत नाही, तो लक्ष कशाकडे देणार? कमी ऐकू येणे, कमी दिसणे, रक्तक्षय, अपुरी झोप यांनीही मूल असेच दिसते.

रोजचे काय?

औषध असो वा नसो, दिवस तर घर आणि शाळा यांतच जायचा असतो. मूल फळ्याजवळ, दारा-खिडकीपासून दूर बसवावे. सूचना एका वेळी एकच द्यावी आणि ती फळ्यावरही लिहावी. दहा गणितांऐवजी तीन-तीन गणितांचे तुकडे करावेत. फळा पुसणे, वह्या वाटणे अशी हालचालीची कामे मुद्दाम द्यावीत. शाबासकी लगेच द्यावी. महिन्याच्या शेवटी दिलेली पोचत नाही. घरी दप्तराची जागा आणि झोपेची वेळ ठरलेली असावी. अनेकांच्या बाबतीत ही अडचण मोठेपणीही राहते, म्हणून मोठ्या विद्यार्थ्यांनी कामाची यादी, घड्याळाचा गजर आणि वीस मिनिटांचा अभ्यास यांची सवय स्वतःच लावून घ्यावी. आठवणीवर विसंबण्यापेक्षा कागदावर विसंबलेले बरे.

बसण्याची रीत बदलण्याचा विचार मराठी शाळेला परका नाही. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच कुरणात नेली. त्या मुलांना कोणताही विकार नव्हता. शाळेची नेहमीची घडी त्यांना बसत नव्हती एवढेच. दोघींनी आधी ती घडी बदलली.

'लक्ष देत नाही' या शेऱ्यात मूल जाणूनबुजून काही नाकारते आहे, असे गृहीत धरलेले असते. यंदा त्या जागी 'लक्ष टिकवणे अवघड जाते. पुढे बसवल्यावर आणि काम तुकड्यांत दिल्यावर जमते' असे लिहून पाहू या. पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला त्यातून निदान काय करायचे ते कळेल.