कायम वास्तव्याचा परवाना : १९४८ आणि नंतर

वर्धा जिल्ह्याच्या अर्वाचीन इतिहासात मार्च १९४८ चा उल्लेख बहुधा एकाच कारणासाठी होतो. ११ ते १५ मार्च ह्या दिवसांत सेवाग्राम येथे गांधीजींच्या निधनानंतरचे रचनात्मक कार्यकर्त्यांचे मोठे संमेलन भरले आणि त्यातून सर्वोदय समाजाची कल्पना पुढे आली. जवाहरलाल नेहरू, राजेंद्रप्रसाद, मौलाना आझाद, जे. सी. कुमारप्पा, विनोबा भावे ही मंडळी तेथे एकत्र आली होती. ह्या संमेलनाचे एक तात्कालिक फलित मात्र सहसा लक्षात घेतले जात नाही. निर्वासितांच्या प्रश्नासाठी नेहरूंनी साहाय्य मागितले, म्हणून विनोबा महिनाअखेरीस पवनारचा परंधाम आश्रम सोडून दिल्लीस गेले आणि काही महिने त्याच कामात राहिले. ते तेथे असतानाच, १९ जुलै १९४८ रोजी, पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्या प्रत्येकाने परवाना घेतला पाहिजे असा वटहुकूम निघाला. स्वतंत्र भारतात कायम राहू इच्छिणाऱ्या माणसाकडे त्यासाठी कागद मागण्याची पद्धत ह्या तारखेपासून सुरू झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

सेवाग्रामला परकीयाचा प्रश्न अगदीच अपरिचित होता असे नाही. आश्रमात राहणाऱ्या एका जपानी बौद्ध भिक्षूला, जपान महायुद्धात उतरल्यावर, सरकारने पकडून नेले होते. गांधीजींनी १९४२ च्या जुलैमध्ये जपानी जनतेस उद्देशून जे लिहिले, त्यात ह्या भिक्षूची आठवण आहे. आश्रमाच्या प्रार्थनेत त्याचा मंत्र पुढेही राहिला. परंतु तो भिक्षू परकीय होता तो त्याच्या देशामुळे. १९४८ नंतर जो माणूस परकीय ठरू लागला, तो पुष्कळदा एखाद्या तारखेमुळे, आणि कधी परवान्यावरील एका विशेषणामुळे. हा फरक मूलभूत आहे.

त्या विशेषणाकडे थोडे लक्ष देणे येथे आवश्यक आहे. परवाना हा शब्द मराठीत फारसीतून आला व कायम हा अरबीतून. कायम ह्याच्या मुळाशी उभे राहणे हा अर्थ आहे. गमतीची गोष्ट अशी, की मुक्काम हा शब्दही त्याच धातूपासून निघालेला आहे. पण मराठी बोलणाऱ्याच्या कानाला मुक्काम म्हणजे रात्रीपुरता थांबा आणि कायम म्हणजे न हलणारे. एकाच मुळापासून निघालेल्या ह्या दोन शब्दांमधील अंतर हेच परवाना पद्धतीचे सगळे सूत्र होते. तिच्या नियमांत निरनिराळ्या प्रकारचे परवाने होते : तात्पुरत्या भेटीचा, वारंवार ये-जा करण्याचा, केवळ मार्गस्थाचा, पुनर्वसनाचा आणि भारतात कायम परत येण्याचा. शेवटच्या दोहोंनीच माणूस येथला होऊ शकत असे. उरलेल्यांनी तो मुक्कामास आलेला पाहुणा राहत असे, मग त्याचे घर, भाऊबंद व शेत सीमेच्या अलीकडे का असेना.

कायम परतीचा परवाना सहजासहजी मिळत नसे. अर्जदार ज्या प्रांतात राहू इच्छितो, त्या प्रांताच्या सरकारची संमती त्यास लागे. म्हणजे वर्धा, यवतमाळ किंवा अमरावतीकडे परतू पाहणाऱ्याचा अर्ज कराचीच्या किंवा लाहोरच्या भारतीय कचेरीत पडे, तेथून मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारकडे नागपुरास येई, आणि चौकशी होऊन तो उलट्या वाटेने परत जाई. तात्पुरता परवाना त्या मानाने सुलभ. तेव्हा पुष्कळांनी तो घेऊन यावे आणि येथे आल्यावर कायमचा मिळवू असे म्हणावे, ह्यात नवल नाही. घर गाठण्याची घाई असलेला माणूस कागदावरील विशेषणाचा विचार फार करीत नाही. राज्यघटनेने मात्र तो फार केला.

नागरिकत्वाची कलमे संविधान सभेपुढे १० ऑगस्ट १९४९ रोजी आली. ती मांडताना डॉ. आंबेडकरांनी कबूल केले, की एखादा अपवाद सोडता दुसऱ्या कोणत्याही कलमाने मसुदा समितीला एवढी डोकेदुखी दिली नव्हती. वाद तीन दिवस चालला. पाकिस्तानात जाऊन कायमच्या परवान्यावर परतलेल्यास नागरिक मानावे ह्या तरतुदीवर जसपतराय कपूर यांनी कडाडून टीका केली. वर्धेच्या शेजारच्या अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख ह्यांचा आक्षेप निराळा होता. मसुद्याने भारतीय नागरिकत्व अतिशय स्वस्त केले आहे असे त्यांचे म्हणणे होते. आणि त्याच वेळी, अन्य कोणत्याही राष्ट्राचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदू वा शीख व्यक्तीस, ती कोठेही राहत असली तरी, ते मिळावे अशी त्यांची उपसूचना होती. सभेने ती स्वीकारली नाही. कपूर आणि देशमुख ह्यांच्या भाषणांवर अभ्यासकांनी बरेच लिहिले आहे. त्याच कलमांतील मुदतीच्या हिशेबाकडे तेवढे लक्ष गेलेले दिसत नाही, आणि वाट पाहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे.

तो हिशेब असा. सहाव्या कलमाप्रमाणे १९ जुलै १९४८ पूर्वी आलेला निर्वासित, येथे सामान्यतः राहत आला असेल तर, आपोआप नागरिक होई. त्या दिवशी किंवा नंतर आलेल्याने नोंदणी करून घ्यावयाची होती. त्यासाठी दोन अटी होत्या : अर्ज घटनेच्या प्रारंभापूर्वी केलेला असावा, आणि अर्जाच्या लगतपूर्वी अर्जदाराचे भारतात किमान सहा महिने वास्तव्य झालेले असावे. प्रारंभाचा दिवस २६ जानेवारी १९५० हा ठरला. त्यावरून मागे मोजत गेले तर असे दिसते, की जो माणूस साधारणपणे २५ जुलै १९४९ नंतर सीमा ओलांडून आला, त्याला सहा महिने भरणे शक्यच नव्हते. सभेत ह्या कलमावर भाषणे चालू होती ती ऑगस्टात. म्हणजे ज्या दारातून किती जणांस घ्यावे ह्याचा वाद चालला होता, ते दार हिशेबाने दोन-अडीच आठवड्यांपूर्वीच बंद झालेले होते. हे कोणी हेतुपुरस्सर केले असे म्हणण्यास आधार नाही. दोन वाजवी अटी आणि एक पुढे ठरलेली तारीख एकत्र आल्या, एवढेच.

ह्या दाराबाहेर राहिलेल्यांसाठी पुढचा कायदा व्हावयास १९५५ चा डिसेंबर उजाडला. त्या वर्षीच्या नागरिकत्व अधिनियमाने भारतीय वंशाच्या व येथे सहा महिने राहिलेल्या व्यक्तीस नोंदणीने नागरिक होता येईल असे ठरविले. मधल्या जवळजवळ सहा वर्षांत पहिली सार्वत्रिक निवडणूक होऊन गेली, आणि मतदार होण्यास नागरिकत्व ही अट होती. निर्वासित हा शब्द मराठीने सर्रास स्वीकारला आहे. व्युत्पत्तीने त्याचा अर्थ हाकलून दिलेला एवढाच होतो. तो माणूस कोठून निघाला हे त्यातून कळते, कोठे पोचला हे कळत नाही. उत्तरेतील कित्येकांना शरणार्थी हे नावही सहन झाले नाही व त्यांनी स्वतःस पुरुषार्थी म्हणवून घेतले. कायद्याच्या शीर्षकाने तर त्यांना लोंढा म्हटले होते. ह्या नावांपैकी पुरुषार्थी हे एकच काय ते त्या लोकांनी स्वतः निवडलेले.

आता दिल्लीतील विनोबांकडे वळावयास हवे. पंजाबातील निर्वासितांच्या छावण्यांतून ते हिंडले. मेवातातील मेव मुसलमानांना पुन्हा त्यांच्या जमिनींवर बसविण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. नेहरूंचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. तरीही वरून सुटलेला आदेश खाली पोचेपर्यंत विरून जातो, हा अनुभव त्यांना वारंवार आला. पंजाबातून आलेल्या हरिजन निर्वासितांना जमीन देण्याचे वचन राजेंद्रप्रसादांच्या समक्ष मिळाले होते. ते पाळले गेले नाही. हा प्रसंग विनोबांनी आपल्या आठवणींत नमूद केला आहे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीच्या हरिजनांनी जमीन मागितली, तेव्हा विनोबांनी सरकारकडे अर्ज पाठविण्यावर न थांबता समोर बसलेल्या गावकऱ्यांनाच प्रश्न केला आणि रामचंद्र रेड्डी ह्यांनी शंभर एकर जमीन देऊ केली. भूदानाच्या इतिहासकारांनी ह्या घटनेची अनेक कारणे सांगितली आहेत. त्यांत दिल्लीच्या कचेऱ्यांतील त्या महिन्यांनाही जागा द्यावयास हवी. अर्जाचे काय होते हे विनोबांनी जवळून पाहिले होते.

परवाना पद्धत स्वतः फार जगली नाही. भारत व पाकिस्तान यांच्यात १५ ऑक्टोबर १९५२ पासून पारपत्र व व्हिसा यांची व्यवस्था आली आणि वटहुकुमाच्या जागी आलेला १९४९ चा कायदा रद्द झाला. परवान्याविना आलेल्या नागरिकास देशाबाहेर घालविण्याचा त्या कायद्यातील अधिकार सर्वोच्च न्यायालयाने इब्राहिम वझीर मावत यांच्या प्रकरणात अवैध ठरविला, पण तो १९५४ साली, म्हणजे कायदा मरून दीड वर्ष होत आल्यावर. ज्यांना तोवर घालवून दिले गेले होते त्यांना हा निर्णय कितपत उपयोगी पडला असेल, हा प्रश्न कायद्याच्या ग्रंथांत सहसा विचारला जात नाही.

पद्धत गेली तरी तिचे व्याकरण टिकले. सहा महिन्यांची मुदत १९८६ च्या दुरुस्तीने पाच वर्षांची झाली व २००३ च्या दुरुस्तीने सात वर्षांची. तोवर दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहावयाचे आणि मुदत संपत आली की तो वाढवून घ्यावयाचा. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून आलेल्या अल्पसंख्याकांच्या अर्जांबाबत आपले अधिकार देशातील सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांस दिले. महाराष्ट्रातील मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर हे जिल्हे त्यांत होते. वर्धा नव्हता. इतर जिल्ह्यांसाठी तोच अधिकार राज्याच्या गृहसचिवांकडे होता. त्यामुळे एकाच वर्षी, एकाच प्रांतातून आलेल्या दोघा भावांपैकी एकाने नागपुरात दुकान मांडले व दुसऱ्याने पंचाहत्तर किलोमीटरवरील वर्धेत, तर पहिल्याच्या अर्जावर त्याच्याच जिल्ह्यात निर्णय होणार आणि दुसऱ्याचा कागद मुंबईस जाणार, अशी स्थिती झाली. १९४८ मध्ये वर्धेकडे येऊ पाहणाऱ्याची फाइल नागपुरास येत असे, हे येथे आठवते. २०१९ च्या दुरुस्तीने काही समुदायांसाठी पुन्हा एक तारीख घातली, ३१ डिसेंबर २०१४. तिचे नियम मार्च २०२४ मध्ये आले. १९४६ चा परकीय नागरिकांविषयीचा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून नव्या अधिनियमात विलीन झाला.

ह्या सर्व बदलांत सामान्यतः निवासी हा शब्दप्रयोग मात्र १९४९ पासून आजतागायत हललेला नाही. नोंदणीने नागरिक होऊ इच्छिणाऱ्याने अर्जाच्या लगतपूर्वीचे बारा महिने सबंध भारतात काढलेले असावेत, असा त्याचा अर्थ अधिनियमाच्या स्पष्टीकरणात दिला आहे. सात वर्षे मोजीत आलेला माणूस आठव्या वर्षी पलीकडे राहिलेल्या आईच्या अंत्यदर्शनास गेला, तर त्या व्याख्येनुसार त्याचे बारा महिने तुटत. २०१५ च्या दुरुस्तीने ह्यात सवलत ठेवली. विशेष परिस्थिती असल्याबद्दल केंद्र सरकारची खात्री झाली व तशी लेखी नोंद झाली, तर जास्तीत जास्त तीस दिवस क्षम्य मानता येतात, आणि ते सलग असण्याची आवश्यकता नाही.